घरात आणखी कोणाला खाजतं?

दीड महिन्यापूर्वी एक गृहस्थ नववीतल्या मुलाला घेऊन दवाखान्यात आले. खिशात मलमाच्या तीन रिकाम्या ट्यूबा. "डॉक्टरसाहेब, नायटा आहे, हटतच नाही." मलम लावले की चार दिवस बरे, मग पुन्हा तेच. मी मुलाला विचारले, "रात्री जास्त खाजतं का रे?" त्याने मान डोलावली. "घरात आणखी कोणाला खाजतं?" गृहस्थ घुटमळले. "हिला थोडं... पण ती उष्णता असेल." बोलता बोलता त्यांचाच हात मनगट खाजवत होता!

ही खरूज. ती ओळखायला मोठ्या तपासण्या लागत नाहीत. हे दोन प्रश्न आणि चांगला उजेड पुरतो, असे माझे स्पष्ट मत आहे. बोटांची बेचकी, मनगट, काख, बेंबीभोवती, कमरेवर नाडी बसते ती जागा आणि जननेंद्रिय येथे बारीक पुटकुळ्या असतात. (लाजून हे शेवटचे ठिकाण कोणी दाखवत नाही, आणि निदान तिथेच हुकते.) तान्ह्या बाळाचे तळहात, तळपाय आणि डोकेही पाहावे. निरखून पाहिले तर कधी कधी कातडीत वाकडीतिकडी करडी रेघ दिसते. ते किड्याचे बीळ. त्यावर पेनची शाई लावून स्पिरिटने पुसली तर बिळात उतरलेली शाई तशीच राहते. सूक्ष्मदर्शकाखाली किडा दिसला तर प्रश्नच मिटला. पण नाही दिसला म्हणून खरूज नाही असे नव्हे. सबंध अंगावर मिळून बहुधा १०-१५च किडे असतात, तेही अर्ध्या मिलिमीटरहून लहान.

माझा राग त्या ट्यूबांवर आहे. त्यातले स्टिरॉइड लाली आणि खाज दाबते, किडा मात्र मजेत राहतो. शिवाय पुरळाचे रूप बदलते आणि डॉक्टरही फसतो. स्टिरॉइडची अनेक मलमे २०१८ साली चिठ्ठीच्या औषधांत घातली गेली, तरी ती मागणारे आपण आणि देणारेही आपलेच.

उपचार सगळ्या घराने एकाच रात्री करायचा. ५ टक्के पर्मेथ्रिनचे मलम मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत, नखांखालीसुद्धा लावायचे, ८ ते १४ तासांनी अंघोळ, आठवड्याने पुन्हा एकदा. बाळ किंवा गरोदर बाई असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. कपडे-अंथरूण कढत पाण्यात धुवावे. न धुण्याजोगे आठवडाभर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावे. नंतरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते. त्या भीतीने रोज मलम चोपडू नये.

न खाजणाऱ्यांनीही लावायचे, कारण पहिल्या वेळी खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. त्या घरातल्या आजीबाईंनी ऐकले नाही. "मी रोज अंघोळ करते, मला कसली खरूज?" नातू त्यांच्याच कुशीत झोपतो.

परवा आजीबाई आल्या होत्या. मागोमाग नातूही, पुन्हा.