गृहविवेक : घरात काच, दुकानात प्लास्टिक



चातुर्मास तोंडावर आला की आपल्या घरांतून साठवणाची झाडाझडती सुरू होते. मसाल्यांना ऊन दाखवले जाते, डाळी निवडल्या जातात, डबे घासून पालथे घातले जातात. गेल्या वर्षी याच गडबडीत सूनबाईने लोणच्याचा जुना प्लास्टिकचा डबा माझ्यासमोर धरला. चार वेळा घासूनही हळदीचा पिवळेपणा आणि मोहरीचा वास गेला नव्हता. ती म्हणाली, "आई, लोणचे डब्यात इतके मुरले आहे, तर डबाही लोणच्यात थोडा मुरत असेलच ना?"

प्रश्न साधा होता, पण आमच्या घराला अडचणीचा. आमचा व्यापारच भांड्यांचा. आजेसासऱ्यांनी पितळ विकले, बाबूजींनी स्टील आणले, आणि आज दुकानाचा निम्म्याहून अधिक गल्ला प्लास्टिकच्या डब्यांवर भरतो.

प्लास्टिक म्हणजे विषच, असे सरसकट म्हणणे सत्याला धरून होणार नाही. प्लास्टिकच्या अनेक जाती आहेत. डब्याच्या तळाशी त्रिकोणात जो आकडा असतो, तो ही जात सांगतो. १ म्हणजे पाण्याच्या बाटल्यांचे पेट, २ आणि ५ म्हणजे डब्यांचे नेहमीचे प्लास्टिक, आणि ७ म्हणजे 'इतर'. या 'इतर' सदरात पॉलिकार्बोनेट येते. ते तयार करताना बिस्फेनॉल-ए हे द्रव्य वापरतात, आणि युरोपीय संघाने २०११ मध्येच तान्ह्या बाळांच्या दुधाच्या बाटल्यांत त्यास बंदी केली. आकडा केवळ जात सांगतो. वस्तू अन्नासाठी बनविलेली आहे की नाही, हे पेला व काटा यांच्या चिन्हावरून ओळखावे. मात्र जात कोणतीही असो, उष्णता, तेल-तूप, आंबटपणा आणि डब्याचा जुनेपणा यांमुळे त्यातील द्रव्ये अन्नात उतरण्याचा संभव वाढतो. हळदीचा रंग तेलात विरघळतो आणि तेलासोबत प्लास्टिकमध्ये शिरतो. काच असे काही शोषीत नाही, आणि आपलेही काही देत नाही.

काच आपल्या महाराष्ट्राला परकी नाही. लोकांनी एकेक पैसा वर्गणी देऊन उभारलेल्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावी काच कारखाना निघाला. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील तर घरोघरी तेवत होता. काचेच्या आणि चिनी मातीच्या बरण्या आपल्या आजी-पणजीच्या फडताळात होत्याच. मधल्या काळात हलक्या डब्यांच्या मोहाने आपण त्या माळ्यावर टाकल्या.

आम्ही बदल करावयाचे ठरविले, आणि पहिल्याच आठवड्यात फजिती झाली. कढवलेले तूप मी घाईने कॉफीच्या रिकाम्या बरणीत ओतले. बरणी तडकली, किलोभर तूप ओट्यावर पसरले आणि त्यात काचेचे कण. मुंग्या लागून जीवहिंसा होऊ नये म्हणून आम्ही दोघी तासभर पुसत राहिलो. नेहमीची काच उष्णतेने बोरोसिलिकेट काचेच्या सुमारे अडीच-तीन पट प्रसरण पावते. गरम पदार्थ पडताच आतली बाजू फुगते, बाहेरची थंड राहते, आणि त्या ताणाने काच फुटते. तेव्हापासून तूप कोमट झाल्यावरच बरणीत जाते.

अनुभवाने बसलेली आमची रीत अशी आहे. तेलाचे आणि आंबट पदार्थ प्रथम काचेत न्यावेत : तूप, लोणचे, चिंचेचा कोळ, सरबताचा अर्क. त्यानंतर मसाले, परंतु काचेतून उजेड शिरतो आणि तिखटाचा रंग उडतो, म्हणून बरण्या बंद कपाटातच ठेवाव्यात. बरणीचे झाकण बहुधा प्लास्टिकचे किंवा पत्र्याचे असते. लोणचे झाकणाला लागेल इतके भरू नये; मिठाने पत्रा गंजतो. आजीप्रमाणे तोंडाला स्वच्छ दादरा बांधून मग झाकण लावावे. धुतलेली बरणी उन्हात पूर्ण वाळल्याशिवाय भरू नये.

धान्य, पीठ आणि खाकरे यांसाठी स्टीलचा डबाच उत्तम. काच प्लास्टिकपेक्षा पुष्कळ जड; माझ्या सासूबाईंच्या थकलेल्या मनगटांना लिटरभराची बरणीही पेलत नाही. म्हणून मोठ्या बरण्या खालच्या फळीवर आणि रोजच्या लहान.

काचेचा एक गुण आपल्या आचाराला विशेष जवळचा आहे. आतले दिसते. डाळीत एखादा सोंडा फिरू लागला, मसाल्याला ओल आली, की लगेच ध्यानात येते. पुढची हिंसा टळते. जी घरे पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३, उन्हाळ्यात ५ आणि हिवाळ्यात ७ दिवस अशी पाळतात, त्यांनी डबा कोणताही असो, दळल्याची तारीख चिठ्ठीवर लिहून डब्यास लावावी.

आणि सर्व प्लास्टिक एकदम बाहेर फेकून काचेचा नवा संच आणणे, हा विवेक नव्हे. तो परिग्रहाचाच दुसरा वेष. आम्ही सहाच बरण्या विकत घेतल्या. बाकीच्या मुरांब्याच्या आणि कॉफीच्या. जुन्या डब्यांत आता गुंड्या, सुईदोरा आणि दुकानाचे खिळे आहेत. तडकलेले डबे भंगारवाल्याकडे गेले.

खरा पेच यानंतर आला. यजमान एका रात्री म्हणाले, "घरात काच आणि दुकानात प्लास्टिक! गिऱ्हाइकाला कळले तर तोंड कसे दाखवायचे?" मला उत्तर सुचेना. बाबूजी शांतपणे म्हणाले, "पितळ विकताना माझे वडील प्रत्येकाला सांगत, कल्हई नसेल तर यात ताक ठेवू नका, चिंच ठेवू नका. सांगितले म्हणून पितळ विकणे थांबले नाही. न सांगता विकले असते, तर ते पाप होते."

दुसऱ्या दिवशी यजमानांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लिहून लावली : 'हे डबे कोरड्या व थंड वस्तूंसाठी. गरम पदार्थ, तेल, तूप, लोणचे यांसाठी काच अथवा स्टील घ्यावे.' ज्या डब्यांवर आकडा वा चिन्ह नाही, तो माल मागविणे बंद झाले. दिवाळीत प्लास्टिकची विक्री कमी झाली, हे मी लपविणार नाही. काचेच्या बरण्यांनी ती तूट पुरती भरून काढली, असेही नाही. परंतु ती पाटी अजून काढलेली नाही, आणि यजमान गल्ल्यावर पूर्वीपेक्षा मोकळ्या मनाने बसतात.

बरणीतून जसे आतले दिसावे, तसे आपल्या व्यवहारातूनही दिसावे, एवढेच या वेळी सांगणे. यंदाच्या झाडाझडतीत एक तरी जुना डबा हातात घेऊन त्याचा तळ पाहा.

जय जिनेंद्र.