अफगाण पासपोर्ट आणि परतीचा पुरावा

“अफगाणिस्तानातून निघालेला माणूस परतत नाही, गेला तिथेच आश्रय मागतो. मग एखाद्या देशाने त्याला पंधरा दिवसांचा व्हिसा नाकारला तर चुकलं कुठे?” हा सवाल मी चांगल्या, विचारी माणसांच्या तोंडून ऐकला आहे. युरोपात आश्रय मागणाऱ्यांमध्ये अफगाण नागरिकांची संख्या वर्षानुवर्षं मोठी आहे, हेही खरं. पण त्यावरून जो निष्कर्ष काढला जातो तो मला साफ नामंजूर आहे.

आधी कायदाच पाहू. युरोपातल्या शेंगेन देशांची व्हिसा संहिता २००९ची. ९० दिवसांपर्यंतच्या मुक्कामाचा अर्ज कोणत्या कारणांनी नाकारता येतो ते तिच्या ३२व्या कलमात दिलं आहे. मुदतीत परत जाण्याच्या हेतूबद्दल रास्त शंका, हे त्यातलं एक कारण. हा हेतू अर्जदाराचा, त्याच्या देशाचा नव्हे. जर्मनीने व्हिसा नाकारलेल्या एका इराणी माणसाच्या खटल्यात युरोपीय संघाच्या न्यायालयाने डिसेंबर २०१३मध्ये हेच स्पष्ट केलं. देशातली एकंदर परिस्थिती जरूर पाहा, पण त्या माणसाचं कुटुंब, त्याची सामाजिक आणि आर्थिक स्थिती, त्याचा पूर्वीचा प्रवास हेही पाहा. निर्णयासाठी भरपूर मोकळीक न्यायालयाने अधिकाऱ्यांना दिली, हे मी लपवत नाही. पण ती मोकळीक माणूस पारखण्यासाठी आहे, पासपोर्टचं मुखपृष्ठ पाहून फाइल मिटण्यासाठी नाही.

“पण परतण्याची हमी काय?” असं विचारतात. अफगाणिस्तानातल्या हेरात शहरातल्या मुलींचं उदाहरण घ्या. २०१७च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनला रोबो बनवण्याची जागतिक स्पर्धा होती. त्यासाठी निवडलेल्या सहा शाळकरी मुली अमेरिकेच्या व्हिसासाठी हेरातहून काबूलला गेल्या. नकार मिळाला. पुन्हा गेल्या, पुन्हा नकार. शेवटी जगभर बोभाटा झाला, खुद्द अमेरिकेच्या अध्यक्षांनी लक्ष घातलं आणि विशेष परवानगीवर त्यांना प्रवेश मिळाला. मुली स्पर्धेत उतरल्या, पदक घेतलं आणि घरी परतल्या. परतल्यावर थोड्याच दिवसांत हेरातच्या मशिदीवर हल्ला झाला आणि संघाच्या कर्णधार मुलीचे वडील त्यात मारले गेले. न परतण्यासाठी याहून मोठं कारण कुणाकडे असेल? तरी त्याच वर्षाअखेरीस हा संघ एस्टोनियात, म्हणजे शेंगेन देशातच, गेला, शेतकऱ्यांसाठी सौरऊर्जेवर चालणारा रोबो दाखवून जिंकला आणि मायदेशी आला. २०२०मध्ये कोरोनाच्या साथीत याच संघाने हेरातमध्ये जुन्या टोयोटा कोरोलाचे सुटे भाग वापरून स्वस्त व्हेंटिलेटर उभा केला. पुढे ऑगस्ट २०२१मध्ये काबूल तालिबानच्या हाती पडलं आणि त्यांतल्या अनेकजणी देशाबाहेर गेल्या, पण त्या पर्यटक व्हिसाची मुदत चुकवून नव्हे, सुटकेच्या विमानांनी.

आश्रयाची भीती इथेच तपासून घ्यावी. मार्च २०१७मध्ये बेल्जियमविरुद्ध अलेप्पोच्या एका कुटुंबाच्या खटल्यात त्याच युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की, आश्रय मागण्यासाठी येऊ पाहणाऱ्याला अल्पमुदतीचा व्हिसा देण्याचं बंधन युरोपीय कायदा घालत नाही. ठीक आहे. मग आश्रयाचा प्रश्न त्या व्हिसात नाहीच, तर बहिणीच्या लग्नाला निघालेल्या म्हाताऱ्याच्या अर्जावर तो का सोडवला जातो? आश्रयासाठी कायदेशीर वाट ठेवायची नाही आणि त्याचा बोजा प्रत्येक पाहुण्यावर टाकायचा, हा अन्याय आहे.

दुसरा आक्षेप कागदपत्रांचा. “पुरावा आणा, कोण अडवतंय?” पण हा पुरावा आणायचा कुठून? खात्यावरची नियमित शिल्लक हवी. २०२१च्या ऑगस्टनंतर अफगाण मध्यवर्ती बँकेचा परदेशातला पैसा गोठवला गेला, खात्यातून पैसे काढण्यावर मर्यादा आल्या आणि माणसं काबूलच्या सराय शहजादा या चलनबाजारातल्या सराफांवर, हवालावर विसंबू लागली. ती रक्कम बँकेच्या कागदावर उमटत नाही. नोकरीचं किंवा शिक्षणाचं पत्र हवं, पण डिसेंबर २०२२मध्ये तालिबानने मुलींना विद्यापीठं बंद केल्यावर तिथली विद्यार्थिनी ते कुठून आणणार? त्यात बाईला ७२ किलोमीटरपलीकडे जायचं तर सोबत जवळचा पुरुष नातेवाईक हवा, असा तालिबानचा फतवा.

त्याहून मोठी अडचण म्हणजे अर्ज देण्याची जागाच नाही. काबूलमधले पाश्चात्त्य दूतावास बंद आहेत. म्हणून आधी पाकिस्तानचा किंवा इराणचा व्हिसा काढा, दलालाला पैसे मोजा, सीमेवर रांग लावा, इस्लामाबादेत खोली घ्या आणि पासपोर्ट दूतावासात ठेवून वाट पाहा. ऑक्टोबर २०२३मध्ये पाकिस्तानने कागदपत्रं नसलेल्या परदेशी लोकांना बाहेर काढण्याची घोषणा केली, तेव्हापासून या वाट पाहण्यात पोलिसांची धास्तीही मिसळली आहे. शेंगेनची फी ९० युरो. नकार आला तरी ती परत मिळत नाही. आणि युरोपीय विमानतळावर नुसतं विमान बदलायचं असलं तरी अफगाण प्रवाशाला बहुतेक वेळा वेगळा व्हिसा लागतो. इतकं सगळं करणाऱ्या माणसाला “हेतू संशयास्पद” अशी छापील ओळ मिळावी, हे मला सहन होत नाही.

“व्हिसा हा कुणाचा हक्क नाही” हे शेवटचं शस्त्र. मान्य, प्रवेश देणं न देणं राज्याच्या हाती आहे. पण फी घेऊन अर्ज स्वीकारला की तो वाचण्याची जबाबदारीही आली. संहितेतच यावर उपाय आहे. नियमाने वापरलेला प्रत्येक व्हिसा पुढच्या अर्जात बाजूने मोजला जातो आणि दोन वर्षांत असे तीन झाले की वर्षभराचा अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो. म्हणजे परतलेल्या माणसावर विश्वास ठेवायला कायदा तयार आहे. तो कमावण्याची पहिली संधी अफगाण माणसाला द्या. मुलाखत व्हिडिओवर घ्या, शंका असेल तर कमी दिवसांचा, एकाच देशापुरता व्हिसा द्या.

आपण भारतीय यातून सुटत नाही. २० ऑगस्ट २०२१ला अफगाण खासदार रंगीना कारगर दिल्लीला उपचारासाठी आल्या. राजनैतिक पासपोर्ट असूनही त्यांना विमानतळावरूनच परत पाठवलं गेलं. भारताने नंतर त्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. त्याच महिन्यात भारताबाहेर असलेल्या अफगाण नागरिकांचे आधी दिलेले सगळे व्हिसा एका फटक्यात रद्द झाले. सुट्टीत घरी गेलेले पुण्याचे अफगाण विद्यार्थी तिकडेच अडकले, इकडे त्यांच्या परीक्षा आणि खोल्या तशाच राहिल्या. ऑक्टोबर २०२५मध्ये भारताने काबूलमधल्या कार्यालयाला पुन्हा दूतावासाचा दर्जा दिला. तिथल्या खिडकीवर रुग्ण, त्याच्यासोबतचा नातेवाईक, परीक्षेला येणारा विद्यार्थी यांचे अर्ज एकेक करून तपासले जावेत आणि नकार दिलाच तर त्या माणसाच्या अर्जातलं नेमकं काय खटकलं ते लेखी कळवावं, ही मागणी आपल्या खासदारांनी संसदेत करायला हवी.