जार्ल नव्हे, यार्ल!

परवा एका मराठी लेखात ‘जार्ल बिर्गर, म्हणजेच अर्ल’ असं वाचलं आणि डोकं फिरलं. एवढ्याशा वाक्यात तीन चुका!

पहिली उच्चाराची. स्वीडिश, नॉर्वेजियन, डॅनिश, आइसलँडिक, कुठेही जा, ‘जे’ या अक्षराचा उच्चार ‘य’. म्हणून तो यार्ल. आणि स्वीडिशमध्ये ‘र’नंतरचा ‘ग’सुद्धा ‘य’ होतो, म्हणून बिर्येर.

दुसरी व्याकरणाची. ही पदवी नावाच्या मागून येते: बिर्येर यार्ल. आपलं ‘बाजीराव पेशवे’ तसंच की! आपण ‘बाजीराव पेशव्यांचा’ म्हणतो, प्रत्यय शेवटच्या शब्दाला. आजच्या स्वीडिशमध्येही तसंच. स्टॉकहोममधल्या चौकाचं नाव ‘बिर्येर यार्ल्स तोर्य’, षष्ठीचा ‘स’ पदवीला. जुन्या नॉर्समध्ये मात्र दोन्ही शब्द चालवायचे: हाकोन यार्ल, षष्ठीत हाकोनार यार्ल्स.

मागचा शब्द दिसला की आडनाव समजायचं, ही खोड मलाही आहे. पूर्ण नाव तोडून शेवटचा शब्द आडनावाच्या खान्यात टाकणारा कोड मीच लिहिलाय. त्यात बिर्येर ‘यार्ल’ घराण्यातला झाला असता. प्रत्यक्षात त्याच्या मुलाचं नाव वाल्देमार बिर्येर्सॉन, म्हणजे बिर्येरचा मुलगा. नाना फडणवीसांचं आडनाव भानू होतं, हे तरी आपल्यापैकी किती जणांना आठवतं?

तिसरी चूक सगळ्यात वाईट, अर्थाची. अर्ल आणि यार्ल चुलतभाऊ, कबूल. पण इंग्रजीत हा शब्द आधी नुसता ‘थोर माणूस’ अशा अर्थाचा होता. ११व्या शतकात डॅनिश राजा कनूटच्या अमलात त्याला प्रांताधिकाऱ्याचा अर्थ चिकटला, तोही यार्लच्याच प्रभावाने. म्हणजे धाकट्याच्या नावाने थोरल्याची ओळख करून देतोय आपण!

शिवाय इंग्लंडात अर्ल अनेक. १३व्या शतकातल्या स्वीडनमध्ये यार्ल म्हणजे राजाच्या खालोखालचा माणूस. बिर्येर १२४८ मध्ये यार्ल झाला, १२५० मध्ये पोरगा राजा झाला, आणि १२६६ मध्ये मरेपर्यंत कारभार बापानेच हाकला. त्याच्यानंतर स्वीडनमध्ये यार्ल झालाच नाही. याला अर्ल म्हणण्यापेक्षा पेशवा म्हटलेलं परवडलं.

कुणी म्हणेल, एवढं काय त्यात? आहे ना राव! जवळची उपमा घरात असताना आपण लंडनला वळसा घालून स्टॉकहोमला जातो, आणि वाटेत उच्चार, व्याकरण, अर्थ तिन्ही सांडतो. देवनागरीत ‘य’ आहे. वापरा की!