टक्क्याखाली गाडलेली पोरं

दहावीचा निकाल लागला की देऊळगाव राजात शाळाशाळांची तुलना सुरू होते. संस्थेचं हायस्कूल शंभर टक्के, जिल्हा परिषदेचं मागं. झाला निवाडा : झेडपीची शाळा नालायक, तिथली पोरंही नालायक!

राजेहो, हा टक्का कशाचा? परीक्षेला बसलेल्यांतल्या पास झालेल्यांचा. ज्यांना बसूच दिलं नाही, ते या हिशेबात जन्मालाच आले नाहीत.

मी त्यातलाच. नववीत गणितात अडकलो. मास्तर बापाला म्हणाले, "याचा दाखला न्या, सतरा नंबरचा फॉर्म भरा. आमचा निकाल बिघडतो." बाप ऊसतोडीवरून आलेला. अंगठा देऊन आला. मला पदरात घेतलं ते त्याच 'नालायक' झेडपीनं. त्यांनी फेकायचं, यांनी उचलायचं, आणि टक्का घसरला म्हणून शिव्याही यांनीच खायच्या!

२००९ चा शिक्षण हक्क कायदा आठवीपर्यंत. चाळणी लागते नेमकी नववीत. अनुदानित संस्थेतल्या मास्तरांचा पगार मात्र सरकारी तिजोरीतून, म्हणजे आमच्याही घामातून. रयतेच्या पैशावर वरच्यांचं शिक्षण चालतं, हे जोतीरावांनी १८८२ सालीच हंटर आयोगाला सुनावलं होतं.

तेव्हा शंभर टक्क्यांना टाळ्या वाजवू नका. माहिती अधिकारात अर्ज टाका, प्रत्येक अनुदानित हायस्कुलात. आठवीत किती होते? त्यातले दहावीला किती बसले? आकडे जातवार मागा.

मधली पोरं कुठं गेली, ते आपल्या वस्तीला विचारावं लागणार नाही. ती वीटभट्टीवर आहेत.