६१७४ आणि आपण कलावाले

दहावीला गणितात कसाबसा पास झालो आणि कला शाखेत आलो. ‘सुटलो एकदाचा!’ हा माझा आनंद वर्गातल्या बऱ्याच जणांचा होता. आज त्या आनंदाची लाज वाटते. कारण एक संख्या : ६१७४.

मित्रहो, कोणतीही चार अंकी संख्या घ्या. फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून तेच अंक चढत्या क्रमाने मांडून वजा करा. उत्तराचे पुन्हा तसेच करा. स्वातंत्र्याचे साल १९४७ घेऊ. ९७४१ वजा १४७९ म्हणजे ८२६२. पुढे ६३५४, ३०८७, ८३५२ आणि शेवटी ६१७४! जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या इथेच येते आणि इथेच थांबते. कारण ७६४१ वजा १४६७ पुन्हा ६१७४च.

हे १९४९ साली जगापुढे मांडले देवळालीच्या एका शाळामास्तरांनी, दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी. पदव्युत्तर शिक्षण नाही, हाती फक्त वही-पेन्सिल. अनेक विद्वानांनी त्याला खेळ म्हणून नाक मुरडले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकन मासिकात लिहिले, तेव्हा जगाने दखल घेतली.

‘याचा उपयोग काय?’ असे कुणी विचारील. कवितेचा उपयोग विचारला की आपण चिडतो ना? मग हाच प्रश्न संख्येला का? शाखा प्रवेश-अर्जापुरती असते. कुतूहलाला शाखा नसते. तेल्हारा-अकोला एस.टी.त बसाल, तेव्हा समोरच्या गाडीचा नंबर घेऊन पाहा. अकोला येण्याआधी भीती उतरलेली असेल.