शाऊट म्हणजे चिल्लाना?



गेल्या महिन्यात एका साध्या इंग्रजी क्रियापदाने आमची अब्रू घालवली. ती हकिकत तुमच्या कानावर घातल्याशिवाय आम्हाला चैन पडणार नाही.

आमची धाकटी कन्या, वय वर्षे नऊ. तिची जिवाभावाची मैत्रीण फिजीहून आलेल्या कुटुंबातली. मैत्रिणीच्या आजींना इंग्रजी बेताचंच येतं, म्हणून कन्या त्यांच्याशी हिंदीत बोलते. हे हिंदी तिने सिनेमातून आणि आमच्याकडून उचललेलं, म्हणजे ते किती शुद्ध असेल हे तुम्हीच ताडा. शनिवारी नेटबॉलची मॅच संपली आणि आम्ही मोठ्या ऐटीत जाहीर केलं, "चला, आइस्क्रीम! माय शाऊट!" कन्येने तत्परतेने आजींना भाषांतर करून सांगितलं, "पापा आइसक्रीम के लिए चिल्लाएँगे."

आजींचा चेहरा उतरला. नातीचा हात घट्ट धरून त्या म्हणाल्या, नको नको, घरी सगळं आहे. आम्ही धीर द्यावा म्हणून त्यांच्याकडे बघून हसलो, तर त्या आणखी दोन पावलं मागे सरकल्या.

घरी आल्यावर सौ.ने आमचीच उलटतपासणी घेतली. शब्दकोश काढला. शाऊट : चिल्लाना, चीखना, ज़ोर से बोलना. म्हणजे कन्येचं काहीच चुकलं नव्हतं! मराठीत तर आणखी पंचाईत. आपल्याकडे 'आई ओरडली' म्हणजे आई नुसती मोठ्याने बोलली नाही, रागावली. आता 'बाबा आइस्क्रीमवरून ओरडणार' म्हटल्यावर कोणती आजी पोरींना सोडेल?

इथल्या माणसाला शाऊट करणे म्हणजे सगळ्यांचे पैसे आपण देणे. यासाठी आपल्याकडे शब्द कोणता? 'पाजणे' आहे, 'खिलवणे' आहे. हिंदीत 'पिलाना', 'खिलाना'. पण 'मी तुला पाजतो' यात थोडा उपकाराचा वास येतो, आणि 'पाणी पाजणे' म्हणजे तर चक्क हरवणे. म्हणून हॉटेलात आपण क्रियापद टाळतो. 'आज माझ्याकडून,' एवढंच म्हणतो. हिंदीवाला म्हणतो, 'आज मेरी तरफ़ से'. क्रियापदाविना काम भागतं. शिवाय आमच्या कॉलेजात 'टीटीएमएम' होतंच, तू तुझं, मी माझं.

हा अर्थ आला कुठून? एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ऑस्ट्रेलियात सोन्यासाठी जी झुंबड उडाली, त्या काळातला हा शब्द. गुत्त्यात ज्याला पैसे द्यायचे तो गल्ल्यावरच्या माणसाला मोठ्याने हाक मारून सर्वांसाठी मागवायचा, म्हणून तो 'ओरडला', अशी एक उपपत्ती सांगतात. १८६१ साली गेब्रियल रीडला ओटागोत सोनं सापडलं आणि खाणकामगारांचे लोंढे इकडे वळले. (रीडच्या आधी तिथे सोनं शोधलं होतं ते हिंदुस्थानातून आलेल्या एडवर्ड पीटर्सने, ज्याला लोक 'ब्लॅक पीटर' म्हणत. सरकारी बक्षीस मात्र मिळालं रीडला. असो.) ही चाल पुढे इतकी फोफावली की पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, न्यूझीलंड सरकारने शाऊट करण्यावर बंदी घातली. दुसऱ्याला पेय पाजणं हा गुन्हा! म्हणजे कायद्यानेच टीटीएमएम. आमच्यातला इंजिनियर म्हणतो, यात गणित आहे. पाचजण एकत्र बसले की प्रत्येकाचा एकेक शाऊट होईपर्यंत प्रत्येकाच्या पोटात पाच पेले आणि टेबलावर एकूण पंचवीस. एकच घेऊन उठायचं म्हटलं तरी उठता येत नाही.

का उठता येत नाही, ते मात्र आम्ही पुस्तकातून शिकलो नाही.

वीसेक वर्षांपूर्वी एम.ई. संपवून आम्ही इथे पहिल्या नोकरीला लागलो. दुसऱ्याच आठवड्यात आमच्या एका ड्रॉइंगमध्ये मापाची घोडचूक निघाली. विभागातले सर्वात ज्येष्ठ ड्राफ्ट्समन आमच्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "फ्रायडे, फाइव्ह ओ'क्लॉक. माय शाऊट." आम्ही गार! हा देश इतका शिस्तीचा की ओरडा खायलाही अपॉइंटमेंट देतात, असं वाटलं. शुक्रवारी काळीज मुठीत धरून गेलो, तर त्यांनी आमच्यापुढे थंडगार लेमनेड ठेवलं. ड्रॉइंगचं नावही काढलं नाही.

मग दर शुक्रवारी जायला लागलो. कधी हा पैसे देई, कधी तो. मोठ्यांनी द्यायचे, लहानांनी गोड मानून घ्यायचं, हा आपल्याकडचा रिवाज आम्ही गृहीत धरला. खरं सांगायचं तर डॉलरला रुपयाने गुणायची सवयही सुटली नव्हती. असे सात-आठ शुक्रवार गेले. एकदा ते ज्येष्ठ गृहस्थ हसत म्हणाले, "युअर शाऊट, मेट." आम्ही नम्रपणे उत्तरलो, "नो, नो, आय नेव्हर शाऊट."

टेबल क्षणभर गप्प झालं. मग कुणीतरी हसलं, आणि तेच उठून पैसे देऊन आले. पुढच्या शुक्रवारी आम्हाला कुणी हाक मारली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

वर्षअखेरीला ते निवृत्त झाले. निरोपाच्या चहाच्या वेळी एका सहकाऱ्याने शाऊटचा अर्थ आम्हाला समजावून सांगितला, तेव्हा कानशिलं तापली. अहो, ही तर भिशी! आणि आम्ही भिशी उचलून पळालेले सभासद! सर्वांसमोर काय बोलणार? पुढे पत्र लिहू, भेटायला जाऊ, असं म्हणत राहिलो. ते साउथ आयलंडला राहायला गेले. दोन वर्षांनी ऑफिसात ईमेल आली, ते गेल्याची. त्यांचा शाऊट आमच्याकडे राहिला तो राहिलाच.

तेव्हापासून ऑफिसात कुणी नवखा आला की पहिल्या शुक्रवारी शाऊट आमचा, आणि अर्थही आम्हीच सांगतो. गेल्या वर्षी आलेल्या लातूरच्या मुलाने तो ऐकून सुटकेचा निःश्वास टाकला. त्यालाही सकाळपासून धडकी भरली होती म्हणे.

आजींचं काय झालं? पुढच्या शनिवारी आम्ही स्वतः जाऊन, हात जोडून म्हणालो, "माताजी, आज मेरी तरफ़ से." तेव्हा कुठे त्या हसल्या आणि दुकानात आल्या. व्हॅनिला घेतलं. त्याच्या पुढच्या शनिवारी आम्ही खिशात हात घालतोय तोच त्यांनी आम्हाला बाजूला सारलं, पर्सची चेन उघडली आणि म्हणाल्या, "आज हमारी बारी."

कन्येने शब्दकोशाच्या त्या पानावर 'चिल्लाना'च्या खाली पेन्सिलीने 'बारी' असं लिहून ठेवलं आहे. ऱ्हस्व-दीर्घ तपासलं, बरोबर आहे.

तर मंडळी, पुढच्या कार्यक्रमात मध्यंतराचा चहा आमच्याकडून. कुणीही घाबरू नये!