गांधाराविना गिटार
१५ डिसेंबर २०१९ रोजी यूटू या आयरिश बँडने नवी मुंबईत नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये कार्यक्रम केला. तथापि नवी मुंबईतील हार्ड रॉकचा कस लागतो तो बारमधील ठेंगण्या छताखाली. या संगीताचा कणा असलेला पॉवर कॉर्ड, म्हणजे षड्ज-पंचमाचा जोड, गांधार मुद्दाम वगळतो, कारण डिस्टॉर्शनने, अर्थात ॲम्प्लिफायरवर मर्यादेबाहेर भार टाकून, जाडाभरडा केलेल्या नादात गांधार मिसळताच स्वरमेळ गढूळ होतो. लहान जागेत मुळातच दणदणीत असलेल्या ड्रमची बरोबरी करू पाहणारी गिटार गायकाचे शब्द गिळून टाकते. म्हणूनच कडवे सुरू होताच करंगळीने व्हॉल्यूमचा नॉब किंचित मागे फिरवणारा गिटारवादक जलद बोटांच्या वादकापेक्षा निःसंशय अधिक जाणता ठरतो.